तंबाखूची पुडी आणि स्वसंमोहन: आधी हाताकडं बघा

आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय 34, महाद्वार रोडला कापडाचं दुकान, अकरा वर्षं मळलेली तंबाखू, दिवसाला दोन पुड्या. नखं कुरतडायची सवय शाळेपासूनची. महिनाभर रोज रात्री मोबाईलवर संमोहनाचा ऑडिओ ऐकला. झोप झकास लागायला लागली, पुडी मात्र जिथल्या तिथं. स्वसंमोहनानं सवय खरंच सुटते का, सुटत असेल तर करायचं कसं, आणि त्यात आपण कुणाच्या ताब्यात तर जात नाही ना?

त्या ऑडिओवर रागावू नका. त्यानं सांगितलं, अंग सैल सोडा, पापण्या जड होताहेत, गाढ शांत वाटतंय. तुमच्या अंगानं ते ऐकलं आणि ते झोपलं. तंबाखूबद्दलची दोन वाक्यं शेवटी असतील, तोवर तुम्ही घोरत असणार. जेवढं मागितलं तेवढं मिळालं.

मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते त्याला आता बावीस वर्षं होतील. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मीही लोकांना अशाच कॅसेटी भरून देत होते. मागं तानपुरा, पुढं माझा आवाज, आणि मराठी अशी की कीर्तनकारानंही हात जोडावेत: ‘मी तंबाखूच्या पाशातून मुक्त होत आहे.’ गंगावेशीतल्या एका गृहस्थांनी मला जमिनीवर आणलं. पंधरा दिवसांनी आले, मोठ्या समाधानानं म्हणाले, “मॅडम, तुमची कॅसेट लावतो, बार भरतो आणि ऐकत पडतो. लई निवांत वाटतं.”

आधी ताब्यात जाण्याबद्दल, कारण ती भीती मनात घेऊन बसलात तर डोळे नीट मिटणारच नाहीत. आपल्याकडं संमोहन म्हटलं की एकतर करणी-भानामती आठवते, नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोराला कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावणारा जादूगार. त्या खेळात स्टेजवर कोण जातं ते कधी बघितलंय? शंभरातली जी दहा पोरं मजा करायला तयार असतात तीच. 1841 साली मँचेस्टरमध्ये जेम्स ब्रेड नावाच्या सर्जननं असाच एक खेळ बघितला. पट्ठ्या घरी आला आणि त्यानं मित्राला बाटलीच्या तोंडाकडं टक लावून बसवलं, बायकोला साखरेच्या चिनीमातीच्या भांड्यावरच्या नक्षीकडं. दोघांचेही डोळे मिटले. म्हणजे जादूगाराच्या नजरेत किंवा बोटांत काही नव्हतं, जे घडत होतं ते बघणाऱ्याच्या आत घडत होतं. ब्रेडनं पुढं स्वतःच्या संधिवाताच्या दुखण्यावर स्वतःवरच हे करून बघितलं. स्वसंमोहन ते हेच. बाहेर कुणी नाहीच, तर ताबा घेणार कोण? आणि अडकून पडायचं म्हणाल, तर दोनच गोष्टी होऊ शकतात. डोळे उघडतील, नाहीतर झोप लागेल. दुसरी तुम्ही महिनाभर अनुभवलीच आहे.

ही अवस्था तुम्हाला नवीनही नाही. कागलहून गाडी चालवत येता आणि शाहू नाक्याला लक्षात येतं की मधला रस्ता कधी गेला कळलंच नाही. खासबागेत कुस्ती रंगात आलेली असताना पायावर कुणी उभं राहिलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. लक्ष एका जागी खिळलेलं आणि बाकीचं बाजूला पडलेलं. ते आपल्या मर्जीनं आणायचं आणि त्या वेळात मनाला एक नेमकं काम द्यायचं, एवढंच आहे. बिघडतं ते ‘नेमकं काम’ या ठिकाणी.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. उद्यमनगरातला एक टर्नर, चाळिशीच्या आतला, तंबाखू वीस वर्षांची. दोन बैठका झाल्या, दोन्हीत एकच सांगणं: टेन्शन आलं की खातो. पोरीची फी, बँकेचा हप्ता, मालकाची कटकट. मीही त्या टेन्शनवरच काम करत बसले. तिसऱ्या खेपेला काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं, तुम्ही काम करता तिथं मला अर्धा तास उभं राहू द्या.

त्यानं लेथवर जॉब बांधला, टूल लावलं, कूलंट सोडलं आणि ऑटो फीडचा लिव्हर टाकला. आता टूल आपोआप सरकत जाणार. साडेतीन मिनिटं माणसाला काही काम नाही, नुसतं उभं राहून बघायचं. लिव्हर टाकलेला हात परत येता येता पँटला पुसला गेला आणि तसाच वरच्या खिशात गेला. पुडी निघाली. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू. डबीचं दुसरं टोक उघडून अंगठ्याच्या नखावर चुना. मग अंगठ्यानं मळणं, सात-आठ घासे, दोन थापा, भुकटी उडाली, चिमूट जमली, खालचा ओठ पुढं आला, बार आत. सगळा वेळ नजर टूलच्या टोकावर. मी घड्याळ लावून बसले होते, 45 सेकंद लागले. जॉब उतरल्यावर विचारलं, “आत्ता का खाल्ली?”

तो म्हणाला, “कधी?”

ते ‘कधी’ मी आजवर विसरलेले नाही. वीस वर्षांत त्याच्या हातानं एक काम इतक्या वेळा केलं होतं की त्यासाठी डोक्याची परवानगी लागतच नव्हती. लिव्हर पडला की हात निघाला. त्याला एक कार्ड दिलं, प्रत्येक बाराला रेघ मारायची आणि शेजारी आधी काय झालं ते एका शब्दात लिहायचं. दिवसाच्या 17 रेघा निघाल्या. त्यातल्या 11 पुढं ‘फीड’ लिहिलेलं होतं, तीन जेवण-चहानंतरच्या, एक झोपताना. टेन्शनच्या दोन, दोन्ही बँकेच्या फोननंतर.

आता बघा, रात्री गादीवर पडून ‘मी तंबाखूमुक्त आहे’ ही सूचना आपण देतो कुणाला? जो जागेपणी हिशेब करतो, बायकोला वचन देतो, त्याला. तो तर आधीपासून राजीच आहे. लिव्हर टाकला तेव्हा तो तिथं हजरच नव्हता. हजर होता हात. म्हणून माझं सगळं सांगणं एका वाक्यात मावतं: सूचना हाताला द्या, आणि ती त्याच जागेची, त्याच क्षणाची द्या.

भीतीच्या चित्रांनी हे होत नाही. पुडीवर 85 टक्के जागेत सडलेल्या तोंडाचा फोटो छापतात. टर्नरच्या खिशातही तोच फोटो होता आणि त्याच्या हाताला फोटो दिसत नव्हता. किळस आणणाऱ्या कल्पना करायची एक पद्धत मानसोपचारात आहे, काहींना चालते, पण तंबाखू खाणाऱ्यांवर मला तिचा फारसा उपयोग दिसलेला नाही. आपली माणसं त्या फोटोला कधीच सरावली आहेत.

हाताला द्यायचं काम म्हणजे दुसरी हालचाल. 1973 साली अमेरिकेत नेथन अॅझरिन आणि ग्रेगरी नन यांनी नखं खाणं, अंगठा चोखणं, अंगाला झटके देणं अशा सवयींसाठी जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच आहे. आधी हालचाल सुरू होताना पकडायला शिकायचं, मग जिच्यासोबत ती जुनी हालचाल होऊच शकत नाही अशी दुसरी हालचाल करायची. मूठ वळलेली असेल तर नख तोंडात जात नाही, तळहातावर तंबाखूही मळता येत नाही. पतंजलीनंही प्रतिपक्षभावना सांगितलेली आहे, नको तो विचार आला की उलट्या बाजूचा विचार आणावा. मी त्याला हातापर्यंत खाली आणते, एवढाच फरक.

यात माझी एक फजिती झाली, तीही सांगते. मी त्या टर्नरला म्हटलं, लिव्हर टाकला की हातात कॉटन वेस्ट घ्या आणि मशीन पुसा. तो माझ्याकडं बघतच राहिला. “मॅडम, फिरत्या चकजवळ चिंधी नेत नसतात. हात जाईल माझा.” पर्यायी हालचाल ज्याची त्यानंच ठरवायची असते हे मी तिथं शिकले. त्यानं स्वतः ठरवलं: एक पाऊल मागं, डाव्या हाताची मूठ, अंगठा आत, मनात साठपर्यंत आकडे, मग टूलबॉक्सवरच्या बाटलीतलं दोन घोट पाणी. तोंडाला काहीतरी लागतंच, म्हणून एक लवंग.

आता स्वसंमोहन. वेळ झोपायच्या आधीची नको, ते तुमचं आधीच फसलेलं आहे. दुकान उघडायच्या आधी किंवा दुपारी शटर अर्धं असतं तेव्हा, खुर्चीत ताठ बसून, पंधरा मिनिटं. समोर नजरेच्या थोडं वर एक जागा धरा, खिळा, कॅलेंडरचा कोपरा, काहीही. टक लावा. डोळे चुरचुरायला लागले की मिटू द्या. श्वास मोजायचा नाही, फक्त सोडताना थोडा लांबवायचा. मग खांद्यांपासून खाली एकेक जागा आधी आवळायची आणि सोडायची: खांदे, दंड, मुठी, पोट, मांड्या, पिंढऱ्या. आवळून सोडल्यावर जो सैलपणा येतो तो नुसतं ‘सैल हो’ म्हणून येत नाही. मुठी दोनदा करा, पुढं त्यांचं काम आहे.

मग खाली उतरायचं. माझ्याकडं पूर्वी सगळ्यांना पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या असायच्या, दहापासून एकपर्यंत, प्रत्येक पायरीला एक श्वास. 2019 च्या महापुरानंतर एक बाई तिसऱ्या पायरीलाच डोळे उघडून हुंदके द्यायला लागल्या. घरात छातीइतकं पाणी बघितलं होतं त्यांनी. तेव्हापासून मी कुणाला घाट देत नाही. तुमच्या मनाला जी जागा आपली वाटते ती घ्या. एकाला जोतिबाचा डोंगर उतरायला आवडायचं, एका मुलीला आजोळच्या वाड्याचा जिना. पायऱ्या नसल्या तरी चालेल, नुसते आकडे म्हणा.

एकपर्यंत आलात की ‘काहीतरी वेगळं’ वाटण्याची वाट बघू नका. बहुतेकांना काहीच वाटत नाही. हात जरा जड, आवाज जरा लांबून, पाच मिनिटं गेली असं वाटतं आणि घड्याळात बारा झालेली असतात. पुरेसं आहे. माणसामाणसात यात फरक असतो, काही जण चटकन खोल जातात, काहींचं मन शेवटपर्यंत वरवर राहतं. वरवर राहिलेल्यांचीही सवय सुटलेली मी बघितली आहे, कारण पुढची तालीम त्यांनी मन लावून केली.

त्या तालमीत तुमचं दुकान आणा, समुद्रकिनारा नको. गादीचा वास, पंख्याचा आवाज, समोर उलगडलेल्या साड्यांचा ढीग. तुमचा लिव्हर कोणता ते कार्ड सांगेलच. माझा आपला अंदाज, गिऱ्हाईक पायरी उतरलं आणि घड्या घालायच्या उरल्या की हात खिशाकडं जात असणार. तर गिऱ्हाईक पायरी उतरताना बघा. तलफ येऊ द्या, तोंडाला पाणी सुटू द्या, हात निघालेला बघा, अर्ध्या वाटेत मूठ मिटलेली बघा. आणि बघता बघता खुर्चीतही मूठ खरोखर मिटा, अंगठा आत. साठ आकडे. तलफ वर चढते, थांबते, उतरते. मग पाणी. मग पहिल्या साडीची घडी. हे एका बैठकीत पाच-सहा वेळा, दर वेळी वेगळं गिऱ्हाईक: एक भरपूर खरेदी करून गेलेलं, एक तासभर बसून काहीच न घेता गेलेलं. दुसरं जास्त महत्त्वाचं. नंतर एक ते पाच मोजत वर यायचं, हातपाय ताणायचे, उठायचं.

तालमीत तलफ आणायलाच हवी, हे बहुतेक ऑडिओ टाळतात. नुसत्या शांततेची सवय केली तर तलफ येताच शांतता पळून जाते. आखाड्यात समोर जोड घेतल्याशिवाय डाव बसत नाही, मोतीबाग तालमीतला कुठलाही पोरगा हे सांगेल.

आता सूचनेची भाषा. ‘नाही’ घालू नका. ‘मी तंबाखू खाणार नाही’ म्हटलं की डोळ्यासमोर तंबाखूच येते. फ्रान्समधल्या नान्सी गावात एमिल कुए हा औषधविक्रेता लोकांना स्वतःशी बोलायला शिकवायचा. त्याचं म्हणणं असं की इच्छाशक्ती आणि कल्पना यांची लढत लागली की कल्पना जिंकते, आणि जोर लावावा तितकी जास्त जिंकते. म्हणून जोर नाही, चित्र. आणि वाक्य आपल्या बोलीत हवं. टर्नरनं पहिल्यांदा लिहून आणलेलं वाक्य होतं: ‘मी आजपासून तंबाखू सेवनाचा त्याग करीत आहे.’ मी विचारलं, असं तुम्ही कुणाशी बोलता? हसला. मग त्याच्या तोंडून निघालं ते असं: ‘फीड टाकला की मूठ मिटती. तोंडाला पाणी सुटलं तर सुटूंदे.’ त्यातला ‘सुटूंदे’ मला फार आवडतो. तलफेशी भांडण नाही, तिला बसायला पाट दिलाय, पण ताट वाढलेलं नाही.

तलफ खरंच जाते. बहुतेक वेळा काही मिनिटांत ती उतरणीला लागते, घड्याळ लावून बघा. अॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञानं व्यसनी लोकांना तलफ लाटेसारखी बघायला शिकवलं: कुठं जाणवते, हिरडीत, जिभेखाली, घशात? वाढतेय की ओसरतेय? बघणारा बाजूला उभा राहिला की ओढ निम्मी होते. लाट अंगावर घेऊन तिला मागं ढकलायला गेलात तर दमून जाल.

पण मानसिक तंत्रानं निकोटिनचं शारीरिक येणं बुडवता येत नाही. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकं जड, झोप उडणं, भूक वाढणं हे होणार. दोन ते चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. दिवसाला दोन पुड्या म्हणजे मात्रा कमी नाही, त्यामुळं निकोटिनच्या गोळीचा किंवा च्युइंगमचा आधार घ्यायला लाजू नका. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. गम चघळत राहायचा नसतो, थोडा चावून झिणझिण आली की गालात ठेवायचा, आणि चहा-कॉफीच्या आगेमागे पंधरा मिनिटं घ्यायचा नाही, नाहीतर तो लागत नाही. ‘मला मनाच्या जोरावरच सोडायची आहे’ असं म्हणणारे बरेच जण माझ्याकडं दुसऱ्यांदा येतात.

शरीराकडं दुर्लक्ष केलं की काय होतं याचं दुसरं उदाहरण मिसरीचं. शिवाजी पेठेतल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, सकाळी उठल्यावर मिसरी. स्वसंमोहन त्यांना माझ्याहून छान जमायचं, नामस्मरणाची सवय होती. तरी मिसरी सुटेना. शेवटी एकदा सुनेला बाहेर पाठवून हळूच म्हणाल्या, “अगं, मिसरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही.” आता यात मनाचा काय दोष? निकोटिननं आतडं हलतं, ते थांबलं की बद्धकोष्ठ होतं, ही वस्तुस्थिती आहे. रात्री भिजवलेले मनुके, सकाळी दोन तांबे कोमट पाणी आणि आठ दिवस डॉक्टरांनी दिलेलं इसबगोल, एवढ्यावर अडलेली गाडी पुढं सरकली. त्यानंतर सूचना लागू पडली: तांब्या हातात घेतला की बोट तांब्यालाच.

नखांचं सोपं आहे, तिथं निकोटिन नाही. कार्डवर दोन-तीन दिवस रेघा मारल्या की कळतं, सिग्नलला, टीव्हीसमोर, हिशेब जुळत नसताना. बहुतेकांचं सुरू होतं ते खडबडीत कडेपासून. बोट कड शोधतं, कड सापडली की दात तिला ‘नीट करायला’ जातात. म्हणून खिशात छोटी कानस ठेवा आणि कड दिसली की घासा, निम्मं काम तिथंच होतं. उरलेल्याला तीच मूठ, तीच तालीम. तंबाखूच्या आधी नखांवर हे करून बघा असंही मी सुचवेन. आठवड्यात फरक दिसतो आणि पद्धतीवर विश्वास बसतो.

किती दिवस लागतील? एकवीस दिवसांचं जे सगळीकडं सांगतात त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला माणसाला किमान एवढे दिवस लागतात, असं ते होतं. त्याचा पुडीशी काही संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एक नवी सवय लावायला सांगितली होती. ती आपोआप व्हायला लागायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 आणि कुणाला 254 असा अंदाज निघाला. तिथं जेवणाबरोबर पाणी पिणं असल्या साध्या सवयी होत्या. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हे त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. लग्नाच्या मांडवात मेव्हण्यानं हातावर चिमूट ठेवली आणि गेली तोंडात, तर ती कार्डवर एक रेघ. ‘मोडलंच आता’ म्हणून पुडी विकत घेणं ही दुसरी, वेगळी गोष्ट. तिच्यासाठीही तालीम करा: मांडव, मेव्हणा, पुढं आलेला तळहात, आणि तुमचं एक तयार वाक्य. टर्नरचं होतं, “दात काढलाय, डॉक्टरनं बंदी केलीया.” खोटं होतं, पण चाललं.

पुराव्याचं विचाराल तर वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019 सालच्या आढाव्यात सिगारेट सोडण्यासाठी संमोहनाच्या 14 अभ्यासांची छाननी आहे आणि इतर उपायांपेक्षा ते सरस आहे असं म्हणायला पुरेसा आधार मिळालेला नाही. म्हणून कुणी एका बैठकीत हमखास म्हणून हजारो रुपये मागत असेल, किंवा पूर्वजन्मात नेऊन सवयीचं मूळ काढतो म्हणत असेल, तर चप्पल घाला आणि निघा. मी संमोहन एकटं कधीच देत नाही. कार्ड, मूठ, गम, घरचं एक माणूस आणि तालीम, यात ते तालमीची जागा तयार करतं. तो टर्नर चार महिन्यांत दोनदा घसरून सुटला. त्यातलं संमोहनानं किती आणि लवंगेनं किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही.

काही ठिकाणी हे घरच्या घरी करायचं नाही. रोज दारू पिणाऱ्यानं ऐकून-वाचून एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट, भ्रम इथपर्यंत जाऊ शकतं आणि त्यात जीव जातो, तिथं डॉक्टरच हवेत. कानात आवाज येणं, संशयानं झोप उडणं, पूर्वी मानसिक आजाराचा झटका आलेला असणं, अशा वेळी डोळे मिटून खोल जाण्याचे प्रयोग टाळा. केस उपटून टाळूवर चकत्या पडल्या असतील किंवा हात धुणं थांबतच नसेल तर ती नुसती सवय नसते, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, तिथं जायला लाज कसली. फोनवर बोलायचं असेल तर तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा 14416, दोन्ही मोफत.

तुमच्यासाठी आता एवढंच. पहिले आठ दिवस पुडी सोडू नका, कमीही करू नका. गल्ल्याजवळ एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आणि पेन ठेवा, प्रत्येक बाराला रेघ आणि एक शब्द. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर ‘अजून खातोस होय’ म्हणून तिथंच भांडण. त्या आठ दिवसांत दुपारची पंधरा मिनिटं नुसतं अंग सोडायचं आणि पायऱ्या उतरायच्या शिका, सूचना काही नको. नवव्या दिवशी रेघा मोजा, सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द उचला आणि फक्त त्या एका शब्दावर तालीम सुरू करा. जेवणानंतरची, झोपतानाची तंबाखू तोवर राहू द्या, त्यांची पाळी नंतर.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी आरशासमोर उभं राहून तोंड उघडा. तीन बोटं उभी आत जातात का बघा. गालाच्या आत, ओठाच्या खालच्या खाचेत पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागताच आग होणारी जागा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, यातलं काही दिसलं किंवा बोटं आत जात नसली तर उद्या सकाळी आधी दातांच्या डॉक्टरांकडं जा. पुठ्ठा आणि पेन संध्याकाळी.